शनिवारी मी नसेन

१

आमच्या दवाखान्यात सगळ्यात मागे एक खोली आहे. तिला आम्ही मुकी खोली म्हणतो. आत गेलं आणि जाड दार लावलं, की रस्त्यावरचे हॉर्न, बाकावरच्या पोरांची रडारड, सगळं कापून टाकल्यासारखं थांबतं. पहिल्यांदा आत बसणारा माणूस हमखास घसा खाकरतो, आपण अजून आहोत ना याची खात्री करून घेतल्यासारखा. आत एक खुर्ची, हेडफोन आणि वायरला लोंबणारं बटण. बाहेर मी. मध्ये दुहेरी काचेची हातभर खिडकी. मी यंत्रावरून बारीक आवाज सोडायचा, आतल्याने तो ऐकू आला की बटण दाबायचं, माझ्यापुढे हिरवा दिवा लागतो. आतला माणूस काही बोलला तर ते माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये येतं.

कानांची तपासणी हे माझं काम. म्हातारे येतात, कारखान्यातले येतात, शाळकरी मुलं येतात आणि वैमानिक येतात. वैमानिकांचा रुबाब दारापर्यंतच असतो. आत बसले की कपाळावर घाम, कारण कान गेले तर नोकरी गेली. असा घाबरलेला माणूस आवाज नसतानाही बटण दाबतो. त्याचं मला काही वाटत नाही.

त्या दिवशी आत माझा धाकटा दीर होता. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तो शाळेत होता, एका जागी बसायचा नाही, म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणायचे. मीही तेच म्हणू लागले. आता तो मोठ्या विमानावर सहवैमानिक होता, पण नाव काही सुटलं नाही.

"वहिनी, नापास केलंस तर आईला सांगेन," असं म्हणून तो आत बसला.

डावा कान झाला. उजवा झाला. कान उत्तम. शेवटी मी काही आवाज न सोडता नुसती थांबले. समोरचा अंदाजाने दाबतोय का हे बघायला आम्ही असं करतो. हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मी यंत्राकडे पाहिलं. मी काहीही सोडलेलं नव्हतं. दिवा लागत होता तो घाईने नाही, अंदाजाने नाही. कुणी काही विचारावं आणि त्याने होकार द्यावा तसा.

आणि मग माझ्या कानात त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"हो सर."

मला खोलीतून कुणीही सर म्हणत नाही.

२

"कुणाशी बोलत होतास?" तो बाहेर आल्यावर मी विचारलं.

"मी? कुठे काय," तो म्हणाला आणि शर्टाची बाही खाली ओढून बटण लावू लागला. "झोप नाही झाली गं. पहाटेची उड्डाणं."

मी कागदावर कान उत्तम असं लिहून डॉक्टरांकडे सही करायला पाठवलं. खोटं काही नव्हतं त्यात. त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले होते.

माझं एक आहे, मला चटकन घाबरायला होत नाही. आवाजात काम करणारीला माहीत असतं की वायरीत काय काय शिरतं. शेजारच्या इस्पितळाच्या रुग्णवाहिकांचे वायरलेस आहेत, समोर टॅक्सीचा थांबा आहे. मी यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने वायरी तपासल्या, माइक उघडून पाहिला, म्हणाला सगळं ठणठणीत आहे. तरी मी स्वतः आत जाऊन बसले आणि आमच्या रिसेप्शनिस्टला बाहेर हेडफोन लावून बसवलं.

"काय ऐकू येतं?"

"तुमचा श्वास," ती म्हणाली. "बाकी काही नाही, मॅडम."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण तेव्हाच मला आठवलं की भोवरा आत असताना मी काय ऐकलं होतं. त्याचा श्वास भराभर चालला होता. आणि त्याच्या खाली, त्याच्या लयीत न बसणारा, दुसरा एक श्वास होता. संथ. जरा घरघरणारा. म्हाताऱ्या माणसाचा.

मी स्वतःला म्हटलं, तुझ्याच हेडफोनमध्ये तुझाच श्वास आला असेल. असं होतं कधी. मग लक्षात आलं की तेवढा वेळ मी श्वास रोखून बसले होते.

३

त्या आठवड्यात आमच्या घरात एकच विषय होता. शनिवारी सासूबाई पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं आणि त्याच विमानावर भोवऱ्याची ड्यूटी लागली होती. माझी लेक आजीबरोबर जाणार होती. तिला खिडकी हवी होती आणि आजीलाही खिडकीच हवी होती, त्यावरून रोज भांडण.

"काका, तू मध्येच हॉर्न वाजव, म्हणजे मला कळेल तूच चालवतोयस," लेक म्हणायची.

सासूबाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. सगळा जन्म लोकांचे आवाज जोडण्यात गेला. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. सासूबाई म्हणायच्या, "एक डोळ्यांचा, एक कानांची, पण माझा चष्मा कुठे ठेवलाय हे एकाला दिसेल तर शपथ, आणि मी हाका मारत्येय हे दुसरीला ऐकू येईल तर शपथ."

रविवारी दुपारी जेवणं आटोपून सगळे पडले होते. मी भांडी लावत होते. भोवऱ्याच्या खोलीचं दार बंद होतं. सासूबाई हातात पातेलं घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "भोवऱ्याकडे कोण आलंय गं? दोघांचा चहा ठेवू का?"

"कुणी नाही आलं, आई."

"अगं, बोलतायत की. कुणीतरी वयस्क माणूस आहे. चांगला आवाज आहे, शिकवणाऱ्याचा."

मी दाराशी गेले. आत खरंच कुणीतरी बोलत होतं. शब्द नीट कळत नव्हते, पण लय कळत होती. एक वाक्य, मग थांबणं, मग भोवऱ्याचं "हो सर". आम्ही लहान असताना घरी शिकवणी चालायची तशी. एकदाच दोन शब्द स्पष्ट आले, "नाक वर."

मी दार ढकललं.

भोवरा खुर्चीत ताठ बसला होता. डोळे मिटलेले. एक हात पोटापुढे काहीतरी धरल्यासारखा, दुसरा बाजूला, मूठ वळलेली. पाय जमिनीवर एकाआड एक सूक्ष्म दाबले जात होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची मात्र ओढून ठेवलेली होती, जवळ, खांद्याला खांदा लागेल अशी. ती जेवणाच्या टेबलाची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं, पण गादी दबलेली होती, आणि मी बघत असतानाच ती सावकाश फुगून वर आली.

जुना फोम असा वेळ घेतो, मी मनात म्हटलं. मघाशी कुणीतरी बसलं असेल. कोण, ते मी मनालासुद्धा विचारलं नाही.

मागून सासूबाई म्हणाल्या, "गेले वाटतं. चहा न घेताच?"

४

दुसऱ्या दिवशी सासूबाईंसाठी बॅग घ्यायची म्हणून मी भोवऱ्याला बरोबर घेतलं. बॅग घेतली, डिकीत टाकली आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी सुरूच केली नाही.

"आता बोल."

तो समोरच्या खांबाकडे बघू लागला. मग म्हणाला, "मी उडालोच नाही, वहिनी."

"म्हणजे?"

"शिकताना. लायसनला जेवढे तास लागतात, त्यातले निम्मेसुद्धा नाही उडालो. आमच्या फ्लाइंग क्लबाचं विमान शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं. इंजिन काढून नेलेलं. आणि लॉगबुकात, उडालेले तास लिहायच्या वहीत, ते रोज उडत होतं. सगळ्यांचं तसंच चाललं होतं. मालक म्हणाला, बाकीचं नोकरीत शिकशील."

"आणि सह्या? बरोबर शिकवणारा लागतो ना कुणीतरी?"

"मास्तरांच्या," तो म्हणाला. "क्लबाचे जुने शिक्षक. फार कडक होते म्हणे. जे उडालं नाही ते लिहू द्यायचे नाहीत. ते गेले, पण त्यांचा शिक्का क्लबातच राहिला. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. मी क्लबात गेलो त्याच्या आधीच ते वारले होते." तो माझ्याकडे वळला. "पण माझ्या लॉगबुकात ते माझ्या शेजारी बसून कितीतरी उडालेत."

 

मग त्याने मला एकदा विमान उतरवतानाची गोष्ट सांगितली. नोकरीतले पहिले महिने निभावून गेले होते. बरंचसं विमान यंत्रंच चालवतात, आणि अवघड असलं की कॅप्टन स्वतः घेतो. पण एकदा आडवा वारा होता, आणि कॅप्टन म्हणाला, घे, हे तू उतरव. "माझ्या हातांना काहीच कळेना, वहिनी. धावपट्टी तिरकी होऊन अंगावर येत होती, मागे एवढी माणसं, आणि माझे हात नुसते धरून बसलेले. मग कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवला."

"कॅप्टनने."

"कॅप्टन डाव्या सीटवर होता. हा हात मागून आला. कोरडा, थंड. त्याने माझा हात थोडा खाली दाबला, थोडा डावीकडे नेला. विमान अलगद टेकलं. कॅप्टन म्हणाला, वा, सुरेख. तेव्हापासून ते येतात. विमानात येतात, घरी येतात. जे शिकवायचं राहिलं ते शिकवतात."

माझी बुद्धी लगेच कामाला लागली. भीती आहे, अपराधी वाटतंय, झोप नाही, त्यातून माणसाला काहीही वाटतं. पण मग सासूबाई दोघांचा चहा का ठेवणार होत्या?

"हे वरिष्ठांना सांग," मी म्हटलं. "आजच."

"लायसन जाईल. दादा काय म्हणेल? आई गल्लीभर सांगत फिरत्येय."

"आणि नाही सांगितलंस तर? शनिवारी माझी पोर आहे त्या विमानात."

तो हसला. अगदी शांत, निर्धास्त हसला. "काळजी करू नकोस. मास्तर आहेत ना."

इतका वेळ मला जी भीती वाटली नव्हती, ती त्या हसण्याने वाटली.

५

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत मी त्याला पुन्हा मुक्या खोलीत बसवलं. खरं तर मला त्याला दाखवायचं होतं की आत कुणी नाही. माणसाला शांततेत बसवलं की भ्रम उघडा पडतो, असं मी ठरवलं होतं. तो बिनतक्रार आत गेला. मी जाड दार लावलं, खटका दाबला, हेडफोन घातला.

आधी नुसता त्याचा श्वास. मग खुर्ची जराशी करकरली. मग दुसरा श्वास.

मी काचेतून बघत होते. आत भोवरा एकटा होता. हात खुर्चीच्या दांड्यावर, डोळे मिटलेले. आणि माझ्या दोन्ही कानांमध्ये, मायक्रोफोनच्या अगदी जवळून, एक म्हातारा आवाज म्हणाला, "हात सैल सोड. एवढा घट्ट धरायचा नसतो."

"हो सर."

"आता नीट ऐक. शनिवारी मी नसेन."

भोवऱ्याने खाडकन डोळे उघडले. "का? सर, शनिवारी आई आहे माझी. पुतणी आहे. शनिवारी या. मग नका येऊ."

"वहीत लिहिलेस तेवढे तास झाले," आवाज म्हणाला. रागाने नाही. तास संपल्यावर शिक्षक पुस्तक मिटतो तसा.

तेव्हा मी ते पाहिलं. भोवऱ्याच्या मनगटावर, शर्टाची बाही चार ठिकाणी आत दबलेली होती. चार बोटांएवढी. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती, ती मी हाताने पुसली आणि पुन्हा पाहिलं. दबलेली होती. कुणीतरी ते मनगट धरून होतं, पडणाऱ्या पोराला धरावं तसं.

मला उठून दार उघडायचं होतं. तरी मी हेडफोन काढला नाही. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की आता हा काय म्हणतो. हा म्हणाला की सर, मी करेन, मला जमेल, तर सगळं संपलं.

 भोवरा लहान मुलासारखा रडायला लागला आणि म्हणाला, "सर, मला येत नाही."

मोकळ्या हाताने त्याने डोळे पुसले.

"मला विमान उतरवता येत नाही, सर. मी शिकलोच नाही."

माझ्या कानात एक लांब उच्छ्वास आला. कितीतरी वेळ डोक्यावर धरलेलं ओझं माणसाने खाली ठेवावं तसा. बाहीवरच्या चारही खळग्या एकेक करून वर आल्या. मग आत एकच श्वास उरला, हुंदक्यांनी तुटणारा, आणि तो आमच्या भोवऱ्याचा होता.

मी दार उघडलं तेव्हा आत घामाचा वास होता. दुसरं काही नव्हतं.

६

घरी त्याने जेवणाच्या टेबलाशी सगळं सांगितलं, मास्तरांचं सोडून. नवऱ्याला आधी समजलंच नाही, आणि समजल्यावर असा ओरडला की लेक खोलीत पळाली. "अक्कल गहाण टाकलीस का? आणि आता कशाला तोंड उघडतोस? इतके महिने उडवतोयस ना? अनुभव आला असेल की आता!"

"नाही आला, दादा."

"मग शनिवारी आजारी पड. पुढचं पुढे बघू."

 सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याच्या साहेबाला फोन लावा," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

"आई, त्याचं करिअर…"

"त्या विमानात मी एकटी बसत नाहीये," त्या म्हणाल्या. "लाव रे फोन. लाइन लागेपर्यंत मी इथेच आहे."

भोवऱ्याने फोन लावला. पलीकडून मुख्य वैमानिक काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. हा मात्र उभा राहून, एका हाताने खुर्चीची पाठ धरून सगळं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "नाही सर, कुणी दबाव टाकलेला नाही. मला येत नाही म्हणून सांगतोय." सासूबाईंचा हात सगळा वेळ त्याच्या पाठीवर होता.

शनिवारी सासूबाई आणि लेक ठरल्याप्रमाणे गेल्या. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "का? आता तर ज्याला येतं त्याच्या हातात आहे ना विमान?" विमानतळावरून परत आल्यावर आम्ही तिघं बैठकीत बसून राहिलो. टीव्ही लावला नाही. नवरा एकाच चष्म्याची काच पुसत होता. त्या गावी जोरदार वारा सुटल्याचं भोवऱ्याने फोनवर पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

मग फोन वाजला. सासूबाईच होत्या. मागे गर्दीचा आवाज, बॅगांच्या चाकांचा आवाज. मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"पोचलो गं. हलत होतं जरा. खाली आणलं, अगदी जमीन दिसली, आणि मग पुन्हा वर नेलं की! मग चक्कर मारून सावकाश उतरवलं. ही बघ, हिला वाटतंय आपल्याला फुकटची जास्तीची फेरी मिळाली."

"खिडकी कुणाला मिळाली?" नवऱ्याने विचारलं आणि त्याचा आवाज चिरकला.

भोवरा उठून स्वयंपाकघरात गेला. मी मागे गेले तर तो फरशीवर बसला होता, ओट्याला पाठ टेकवून.

"पुन्हा वर नेलं," तो म्हणाला. "वहिनी, मी नसतं नेलं. मला कळलंच नसतं की अशा वाऱ्यात न्यायचं असतं."

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. नवराही आला, दारात क्षणभर उभा राहिला आणि मग तोही खाली बसला, भावाच्या दुसऱ्या बाजूला. आम्ही तिघंही, का कोण जाणे, हसायला लागलो. पोटात दुखेपर्यंत हसलो.

७

पुढे व्हायचं ते झालं. लायसन गेलं, काही काळ उडायची बंदी आली. चौकशी बसली, क्लबाला टाळं लागलं. त्या क्लबातून निघालेले आणखी काही जण विमानांवर होते, त्यांनाही खाली उतरवलं; त्यातल्या एकाने भोवऱ्याला फोनवर शिव्या दिल्या आणि दुसऱ्याने रडत आभार मानले. शेजाऱ्यांनी विचारायचं ते विचारलं. बंदीच्या काळात भोवरा दादाच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवत राहिला. तो झोपायला लागला. त्याच्या खोलीतून दुपारी फक्त घोरणं ऐकू यायचं. मास्तरांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या मुक्या खोलीत मात्र मी बरेच दिवस दुसऱ्या कुणाला आत बसवायच्या आधी एकदा हेडफोन लावून ऐकायची. काही नसायचं.

बंदी संपल्यावर तो दुसऱ्या एका शाळेत गेला, पहिल्या धड्यापासून. वर्गातली बाकीची मुलं त्याला काका म्हणत.

एका सकाळी मी त्याला भेटायला गेले. कुंपणाशी उभी राहिले. छोटंसं दोन माणसांचं विमान डुलत खाली आलं, जमिनीवर आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं आणि कसंबसं थांबलं. आतून आधी एक बुटकी बाई उतरली, त्याची शिक्षिका. ती अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला झापत होती. उंची चुकली, वेग चुकला, वारा कुठून आहे ते बघितलं नाही, आज सही मिळणार नाही, उद्या पुन्हा.

तो मला बघून धावत कुंपणाशी आला. तोंड उन्हाने लाल झालेलं, कपाळावर हेडफोनचा वळ, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"ऐकलंस वहिनी?" तो धापा टाकत म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "नापास केलं तिने मला!"